घरी इलेक्ट्रिक सॉना: हीटर विकत घेण्याआधी करायची तयारी

घरी सॉना, म्हणजे दगड तापवणाऱ्या हीटरने गरम होणारी, बसून घाम काढायची लाकडी खोली, करायचा ठरला की बहुतेक लोक आधी हीटर पसंत करतात, मग सुताराला बोलावतात आणि वायरमन येतो सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करा. खोलीच्या आकारावरून हीटरची क्षमता ठरते. क्षमतेवरून केबल आणि एमसीबी (प्रवाह जास्त झाला की सर्किट तोडणारा स्विच) ठरतात, आणि त्यावरून घराचा मंजूर भार पुरतो की नाही ते कळतं. हे सगळं कागदावर आल्यानंतरच हीटरची ऑर्डर द्या.

एवढी काळजी घ्यायची कारणं दोन आहेत. ६ किलोवॉटचा हीटर म्हणजे २ किलोवॉटचे तीन गिझर एकदम चालू. शिवाय गिझरचं पाणी थोड्या वेळात तापतं आणि थर्मोस्टॅट तो बंद करतो, सॉना मात्र तास-दीड तास चालतो आणि त्यातला बराच वेळ पूर्ण भार घेतो. गिझरच्या पॉइंटवर वर्षानुवर्षं तग धरलेला एखादा ढिला स्क्रू इथे पहिल्या आठवड्यात काळा पडतो. दुसरं कारण असं की बाजारातले बरेच चांगले हीटर फिनलंडमध्ये तयार होतात किंवा तिथल्या पद्धतीने बनवलेले असतात. त्यांच्या मॅन्युअलमध्ये घरात थ्री-फेज वीज, लाकडी भिंती आणि कोरडी हवा गृहीत धरलेली असते. आपल्याकडे सिंगल फेज, विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती आणि चार महिने पावसाळा. जिथे जिथे हा फरक पडतो तिथेच गडबड होते, म्हणून या लेखात त्या जागांवर जास्त भर दिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करू. हीटरची प्रत्यक्ष वीजजोडणी लायसन्सधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायची. खोली तयार करणं, मोजमाप घेणं, योग्य सामान आणणं आणि ठेकेदाराचं काम तपासता येईल इतकं समजून घेणं हे काम तुमचं.

पायरी १: खोलीचं घनफळ काढा

आपले सुतार फुटात मोजतात, हीटरचे तक्ते घनमीटरमध्ये असतात. लांबी, रुंदी आणि उंची फुटात गुणा आणि ३५.३ ने भागा. समजा खोली ६ बाय ५ फूट आहे आणि छत ७ फुटांवर. २१० घनफूट, म्हणजे सुमारे ५.९ घनमीटर.

हिशोब इथे थांबत नाही. काच, टाइल, वीट, काँक्रीट असा प्रत्येक उघडा, इन्सुलेशन नसलेला पृष्ठभाग उष्णता खातो. फिनिश मॅन्युअलचा सर्वसाधारण नियम असा की अशा दर चौरस मीटरमागे घनफळात १.२ घनमीटर वाढवायचे. सव्वादोन बाय सव्वासहा फुटांचा काचेचा दरवाजा भरतो सुमारे १.३ चौरस मीटर, म्हणजे १.६ घनमीटरची भर. एकूण साडेसात.

आता याच खोलीची ६ फूट लांबीची एक भिंत तुम्ही 'दिसायला छान' म्हणून दगडी किंवा टाइलची उघडी ठेवलीत, तर ३.९ चौरस मीटरचे आणखी ४.७ घनमीटर वाढतात आणि आकडा १२.२ वर जातो. क्षमतेचे पल्ले साधारण असे असतात: ४.५ किलोवॉट ३ ते ६ घनमीटरला, ६ किलोवॉट ५ ते ८ ला, ८ किलोवॉट ७ ते १२ ला, ९ किलोवॉट ८ ते १४ ला. म्हणजे पहिल्या खोलीला ६ किलोवॉट पुरेल आणि त्याच खोलीला एक उघडी भिंत ठेवली की ९ किलोवॉट लागेल. त्या एका भिंतीपायी केबल, एमसीबी आणि कदाचित वीजजोडणीसुद्धा बदलावी लागेल. आमचं मत स्पष्ट आहे: भिंत झाका.

अंदाजाने एक नंबर वरचा हीटर घेऊन टाकणं हा उपाय नाही. क्षमता कमी पडली तर हीटर बंदच होत नाही आणि एलिमेंट (हीटरमधल्या तापणाऱ्या सळ्या) लवकर जळतात. जास्त झाली तर हवा झटकन तापते, थर्मोस्टॅट हीटर बंद करतो आणि दगड मात्र गार राहतात. मग पाणी टाकलं की वाफेऐवजी एलिमेंटवर ओघळ जातो. दोन पल्ल्यांच्या मधोमध आलात तर आधी इन्सुलेशन सुधारता येतं का ते पाहा.

छत ७ फुटांच्या आसपासच ठेवा. आपल्या खोल्या साडेनऊ-दहा फूट उंच असतात. तशीच उंची ठेवली तर गरम हवा डोक्याच्या तीन फूट वर साठते आणि बसणाऱ्याचे पाय गार राहतात. फार खाली आणलं तरी चालत नाही: बऱ्याच हीटरना किमान १.९ मीटर उंची लागते, आणि तो आकडा त्या त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

पायरी २: वीज पुरते का?

वीजबिल समोर घ्या. त्यावर मंजूर भार आणि जोडणी सिंगल फेज की थ्री-फेज हे छापलेलं असतं. मग एकाच वेळी चालू असू शकतील अशी घरातली जड उपकरणं लिहून काढा.

सिंगल फेज २३० व्होल्टवर ४.५ किलोवॉटचा हीटर १९.६ अँपिअर घेतो, ६ किलोवॉटचा २६, ८ किलोवॉटचा जवळजवळ ३५. थ्री-फेजवर हाच भार तीन फेजमध्ये वाटला जातो, त्यामुळे ६ किलोवॉटला दर फेजमागे ८.७ अँपिअर आणि ९ किलोवॉटला १३ अँपिअर पुरतात. सिंगल फेज घराचा मेन स्विच ४० अँपिअरचा असेल, २६ अँपिअरचा सॉना चालू असेल, आत गिझर ९ अँपिअर आणि एसी ७ अँपिअर घेत असतील, तर बेरीज ४२. मेन लगेच पडेल असं नाही. एवढा भार तो बराच वेळ सहन करतो आणि तोवर मीटरपासून येणारी जुनी सर्व्हिस वायर तापत राहते. धोका तिथे आहे.

आपल्याकडचा व्होल्टेजही गृहीत धरलेला तसा नसतो. हीटरची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. रात्री लाइन २५० व्होल्टवर गेली तर २३० साठी बनवलेला ६ किलोवॉटचा हीटर ७.१ किलोवॉट ओढतो, म्हणजे २८ अँपिअरच्या वर. संध्याकाळी २०० व्होल्टवर तोच साडेचार किलोवॉटचा होतो आणि खोली तापतच नाही. अशा वेळी हीटर खराब आहे असं समजून कंपनीशी भांडण्याआधी हीटर चालू असताना त्याच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज ठेकेदाराकडून मोजून घ्या.

६ किलोवॉट आणि त्यापुढे थ्री-फेज जोडणी घ्यावी, हा आमचा सल्ला. महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा लागतो, मुंबईत तुमच्या भागाच्या वीज कंपनीकडे, आणि सोबत लायसन्सधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. यात वेळ जातो, म्हणून सुतारकाम सुरू होण्याआधीच अर्ज द्या. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या परवानगीचं पत्रही याच वेळी घ्या, कारण मीटर रूमपासून तुमच्या दारापर्यंतची केबल सोसायटीच्या डक्टमधून येते.

घरात थ्री-फेज आहे पण वायरमनने हीटर एकाच फेजवर टाकला, ही नेहमी दिसणारी चूक. हीटरवर तिन्ही फेजसाठी टर्मिनल असतील तर जोडणी मॅन्युअलमधल्या आकृतीप्रमाणेच व्हायला हवी. न्यूट्रलची जागा आकृतीत असेल तर तो आलाच पाहिजे.

इन्व्हर्टरच्या लाइनवर सॉना कधीच टाकू नका.

पायरी ३: स्वतंत्र सर्किट

डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) हीटरपर्यंत एकच सर्किट, मध्ये दुसरा कोणताही पॉइंट नाही. १६ अँपिअरच्या सॉकेटवर ४.५ किलोवॉटचा हीटर प्लग लावून चालवण्याचा विचारही नको. तांब्याच्या वायरसाठी सुरुवातीचे आकडे असे धरा:

सिंगल फेज ४.५ किलोवॉट: ४ चौ. मिमी, २५ अँपिअर एमसीबी.
सिंगल फेज ६ किलोवॉट: ६ चौ. मिमी, ३२ अँपिअर एमसीबी.
सिंगल फेज ८ किलोवॉट: १० चौ. मिमी, ४० अँपिअर एमसीबी.
थ्री-फेज ६ ते ९ किलोवॉट: २.५ चौ. मिमीच्या पाच तारा, १६ अँपिअरचा एमसीबी.

हे आकडे कमी अंतरासाठी आणि मोकळ्या कंड्युटसाठी (वायरच्या पाइपासाठी) आहेत. बंगल्याच्या गच्चीवर सॉना आणि मीटर तळमजल्यावर, किंवा एका पाइपात चार सर्किटं कोंबलेली, अशी स्थिती असेल तर ठेकेदाराने एक साइज वर जायला हवं. जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर सापडली तर ती या कामाला वापरायची नाही.

एमसीबी सिंगल फेजला डबल पोल, थ्री-फेजला फोर पोल घ्या, म्हणजे फेजसोबत न्यूट्रलही तुटतो. जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे असणं आपल्याकडे नवीन नाही, आणि अशा घरात सिंगल पोल एमसीबी पाडला तरी हीटरमध्ये फेज जिवंत राहतो.

सगळ्यात जास्त बिघाड जोडाच्या जागी होतात. २६ अँपिअरच्या प्रवाहात एखाद्या टर्मिनलवर नुसता ०.१ ओहमचा रोध राहिला तरी त्या एका बिंदूवर जवळजवळ ६८ वॉट उष्णता तयार होते, जुन्या पिवळ्या बल्बइतकी, तीही प्लॅस्टिकच्या डब्यात. म्हणून मल्टीस्ट्रँड वायरच्या टोकाला क्रिंप केलेला लग किंवा फेरूल (दाबून बसवलेलं धातूचं टोक) हवा. स्क्रू योग्य टॉर्कने आवळलेला हवा आणि पहिल्या काही वापरांनंतर सर्किट बंद करून तो पुन्हा आवळून घ्यायला हवा. पिळून टेप गुंडाळलेला जोड या सर्किटवर कुठेही चालणार नाही.

पायरी ४: अर्थिंग आणि आरसीसीबी

ही पायरी घाईत उरकू नका. ओल्या अंगाने, अनवाणी, लोखंडी पेटीपासून हातभर अंतरावर बसायचं आहे.

फ्लॅटमध्ये सॉकेटच्या तिसऱ्या भोकात हिरवी वायर दिसते, पण ती पुढे कुठे जाते याची खात्री नसते. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टीमीटरने कमी व्होल्टेज दिसला म्हणजे अर्थिंग चांगलं, असं नसतं, कारण मीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. ठेकेदाराकडून अर्थ लूपचा, म्हणजे फेजपासून अर्थमार्गे परत जाणाऱ्या पूर्ण वाटेचा, रोध मोजून घ्या. बंगल्यात अर्थ पिट असेल तर अर्थ टेस्टरने त्याचा रोध मोजा. ५ ओहमच्या आत असावा अशी अपेक्षा साधारणपणे ठेवतात. पुणे, नाशिक, सातारा भागात दोन-तीन फुटांखाली काळा कातळ लागतो आणि एका इलेक्ट्रोडने काम भागत नाही. मग दोन पिट अंतर ठेवून खणून एकमेकांना जोडावे लागतात. उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना घेतलेलं माप खरं माना. पावसाळ्यातलं माप नेहमी बरं येतं.

आता आरसीसीबी, म्हणजे प्रवाह अर्थकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच. इथे फिनिश मॅन्युअल आणि आपली परिस्थिती यांचा थेट संघर्ष होतो. सॉनाच्या एलिमेंटमध्ये तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती हवेतली आर्द्रता शोषते. गोदामात किंवा बोटीवर महिनोन्‌महिने पडलेला नवा हीटर, किंवा कोकणात जून ते सप्टेंबर बंद राहिलेला हीटर, चालू करताच थोडा प्रवाह अर्थकडे गळतो आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पडते. दोन-चारदा तापल्यावर ओल निघून जाते. म्हणूनच काही उत्पादक हीटर आरसीसीबीवर टाकू नका असं लिहितात.

आपल्याकडे मात्र घरगुती जोडणीला अर्थ लीकेज संरक्षण नियमाने लागतं आणि अर्थिंगची अवस्था पाहता ते सोडून देणं आम्हाला मान्य नाही. करायचं ते असं: हीटरला स्वतःची वेगळी आरसीसीबी, खोलीतल्या दिव्यांना वेगळी. म्हणजे हीटरची पडली तरी घर आणि सॉनातला दिवा चालू राहतो. हीटरच्या आरसीसीबीची संवेदनशीलता किती ठेवायची हे ठेकेदाराने उत्पादकाची सूचना वाचून लेखी ठरवायचं. जोडणीआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) एलिमेंट आणि बॉडीमधला रोध मोजून तोही लिहून ठेवायचा. माप कमी आलं तर ओल काढण्याचं काम ठेकेदार किंवा कंपनीच्या तंत्रज्ञाचं. सतत पडते म्हणून आरसीसीबी काढून टाकणारा वायरमन भेटला तर त्याला थांबवा.

आरसीसीबी पडण्याचं आणखी एक कारण आहे, ज्याचा ओलीशी काही संबंध नाही. हीटरचा न्यूट्रल त्याच्या आरसीसीबीतून न जाता डीबीतल्या सामायिक न्यूट्रल पट्टीवर लावलेला असतो. अशी जोडणी असेल तर हीटर चालू करताक्षणी, दर वेळी, न चुकता आरसीसीबी पडते. ओलीमुळे पडत असेल तर ती कधी लगेच, कधी काही मिनिटांनी पडते आणि हळूहळू सुधारते.

पायरी ५: आतली केबल वेगळी असते

घरात वापरतो ती पीव्हीसीची वायर, एफआर (आग पसरू न देणारी) असो वा एफआरएलएस (शिवाय कमी धूर करणारी), साधारण ७० अंशांपर्यंतची. सॉनात छताजवळ १०० अंश असू शकतात. पीव्हीसी आधी मऊ पडतं, मग ठिसूळ होऊन तडकतं. हीटरला जोडायला पीव्हीसी वायर वापरू नये, असं उत्पादक स्पष्ट लिहितात.

डीबीपासून सॉनाच्या भिंतीपर्यंतची केबल इन्सुलेशनच्या बाहेरच्या, गार बाजूने आणा. भिंतीवर जमिनीपासून जास्तीत जास्त ५०० मिमी उंचीवर पाण्याच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित असा जंक्शन बॉक्स बसवा. तिथून हीटरपर्यंत रबरी आवरणाची लवचीक केबल जाते. तिचा प्रकार एच०७आरएन-एफ किंवा तत्सम. जमिनीपासून १ मीटरच्या वर, खोलीत किंवा इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला जी कोणती वायर जाईल ती किमान १७० अंश सहन करणारी हवी आणि तिथलं प्रत्येक उपकरण १२५ अंशांसाठी प्रमाणित हवं. सॉनाच्या खोल्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३६४-७-७०३ हेच सांगतं. व्यवहारात दिव्यासाठी आणि सेन्सरसाठी काचतंतूची वेणी असलेली सिलिकॉन वायर वापरायची, जी १८० अंशांची मिळते. मुंबईत लोहार चाळीत आणि पुण्यात तपकीर गल्लीत ती मागितली तर दुकानदारांना कळते. जोडाला प्लॅस्टिकच्या कनेक्टरऐवजी पोर्सेलिनचा घ्या.

खोलीत सॉकेट नको, स्विच नको, एलईडी पट्टीचा ड्रायव्हर नको. हे सगळं दाराबाहेर. दिवा घ्यायचा तो सॉनासाठीच बनवलेला, आणि बाकाखाली खालच्या बाजूला लावलात तर वायरवरचा ताणही कमी.

आपल्या घरांतली आणखी एक गोष्ट तपासा. स्लॅबमध्ये आणि भिंतीत जुन्या पीव्हीसी कंड्युट आधीपासून असतात: पंख्याचा पॉइंट, शेजारच्या बाथरूमच्या गिझरची लाइन, टीव्हीची वायर. सॉनाच्या चारही भिंती आणि छत यांतून काय जातं ते शोधून काढा. वापरात नसलेल्या वायर दोन्ही टोकांना तोडा, वापरातल्या वळवून घ्या. पंख्याचा जिवंत बॉक्स फॉल्स सीलिंगच्या वर बंद करून टाकू नका.

पायरी ६: भिंती, छत, जमीन

थर बाहेरून आत असे येतात: वीट किंवा ब्लॉक, लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यात ५० ते १०० मिमी रॉकवूल, छताला १०० मिमी. त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, चकचकीत बाजू खोलीकडे. फॉइलचे जोड एकावर एक चढवून ॲल्युमिनियम टेपने बंद करा; स्टेपलची भोकंसुद्धा टेपखाली गेली पाहिजेत. मग पट्ट्या मारून किमान १० मिमी हवेची फट आणि सगळ्यात आत १२ ते १६ मिमी लाकडी फळ्या. ही फट सुतार हमखास विसरतात, कारण त्यांना ती वाया गेलेली जागा वाटते. फट नसली की फळीची मागची बाजू ओली राहते, आणि पावसाळ्यात बुरशी धरते.

थर्मोकोल आणि फोमचे पॅनेल इन्सुलेशनला वापरू नका, ते वितळतात. प्लायवुड, एमडीएफ, लॅमिनेट आतल्या बाजूला नकोत: उष्णतेने त्यांतला गोंद सुटतो आणि वास डोळ्यांना झोंबतो. पीओपीचं आणि पीव्हीसीचं छत आधी उतरवा. बाकांना हलकं, कमी राळेचं लाकूड घ्या, ॲस्पेन किंवा अबाची. जड लाकूड बसताना चटका देतं आणि राळेचं लाकूड तापून चिकट थेंब सोडतं. बाकावर पॉलिश किंवा व्हार्निश लावू नका. खिळे-स्क्रू खालून मारा, वर डोकं दिसलं की कातडी भाजते.

जमिनीला टाइल, उतार आणि जवळ नहाणी ट्रॅप. वॉटरप्रूफिंग बाथरूमसारखंच.

पायरी ७: हीटरची जागा

हीटर कोणत्या भिंतीवर येणार हे सांगाडा ठोकण्याआधी ठरलं पाहिजे, कारण मागे आधार हवा. दगडांसकट लहान हीटरही ३० किलोच्या पुढे जातो. त्याचे स्क्रू नुसत्या फळीत जाऊन चालत नाहीत, सांगाड्याच्या जाड लाकडात किंवा विटेत बसले पाहिजेत. भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची) असेल तर साधे रॉलप्लग काही महिन्यांत सैल होतात. तिथे आरपार बोल्ट आणि मागे पट्टी, किंवा सरळ जमिनीवर उभा राहणारा हीटर घ्या.

बाजूच्या भिंती, बाक, कठडा आणि छत यांपासूनची अंतरं मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेली असतात. प्रत्येक मॉडेलची वेगळी. ती किमान अंतरं आहेत, सुताराच्या सोयीने कमी होत नाहीत. हीटरमागे जास्तीची सुरक्षा म्हणून सिमेंट बोर्ड थेट फळीवर ठोकायची पद्धत दिसते. मागे हवा खेळत नसेल तर बोर्डामागचं लाकूड उलट जास्त तापतं आणि हळूहळू कोळसत जातं. असं आवरण लावायचंच असेल तर मॅन्युअलने सांगितलेलं, फट ठेवूनच. एका खोलीत एकच हीटर. कोनाड्यात बसवायचा असेल तर मॉडेलला ती परवानगी हवी.

तापमानाचा सेन्सर मॅन्युअलने दाखवलेल्या बिंदूवरच लावा. हवेच्या झरोक्याजवळ लावला तर त्याला गार हवा लागत राहते, तो खोली थंड आहे असं समजतो आणि हीटर चालू ठेवतो. सेन्सरच्या डबीत बहुधा अतितापाचा कटआउटही असतो. तो एकदा पडला की बटण दाबून रीसेट करता येतो, पण का पडला ते शोधल्याशिवाय दाबायचा नाही.

पायरी ८: हवा

एसीच्या सवयीमुळे आपण खोली हवाबंद करायला जातो. सॉनात ताशी सहा वेळा हवा बदलली पाहिजे. ५० ते १०० मिमी व्यासाचा आत येणारा झरोका: बाहेर जाणारी हवा नैसर्गिक ओढीने जात असेल तर हीटरच्या खाली किंवा बाजूला, एक्झॉस्ट फॅन असेल तर हीटरच्या वर किमान ५०० मिमी. बाहेर जाणारा झरोका हीटरपासून शक्य तितका लांब, जमिनीजवळ, आणि आत येणाऱ्याच्या दुप्पट व्यासाचा. छताजवळ तिसरा एक झरोका ठेवा, जो सॉना चालू असताना बंद आणि नंतर उघडा. कोरडं करायला तोच उपयोगी पडतो आणि मुंबई-कोकणात तो चुकवूच नका.

दार बाहेर उघडणारं, ढकललं की सुटणारं. आत कडी, कुलूप, लॅच काहीही नाही.

पायरी ९: दगड आणि पाणी

हीटरसोबत येणारे किंवा सॉनासाठी विकले जाणारे दगड घ्या: ऑलिव्हिन डायबेस किंवा पेरिडोटाइट, ५ ते १० सेंटिमीटरचे. आपल्याकडे काळा दगड मुबलक आहे, म्हणून तोच टाकायचा मोह होतो. सह्याद्रीच्या बसाल्टमध्ये ठिकठिकाणी पोकळ्या असतात आणि त्यांत झिओलाइटसारखी पाणी धरून ठेवणारी खनिजं भरलेली असतात. तापल्यावर ते पाणी बाहेर पडू पाहतं आणि दगड तडकतो. नदीतले गुळगुळीत गोटेही याच कारणाने नकोत. आतल्या ओलीची वाफ झाली की त्यांचे तुकडे उडू शकतात.

दगड धुऊन घ्या. मोठे खाली, लहान वर, एलिमेंट झाकली जातील पण दाबली जाणार नाहीत असे सैल रचा. गच्च भरले तर हवा वर येत नाही आणि एलिमेंट वाकते. एलिमेंट उघडी राहिली तर तिचा थेट ताप समोरच्या लाकडावर पडतो. वर्षातून एकदा सगळे काढून चुरा झालेले फेका आणि पुन्हा रचा.

एका वेळी पळीभर, ०.२ लिटरपर्यंतच पाणी. बोअरवेलचं जड पाणी दगडांवर आणि एलिमेंटवर पांढरा थर चढवतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम प्रत्येकी लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असावं, असं उत्पादक सांगतात. खारं पाणी आणि पोहण्याच्या तलावातलं क्लोरीनचं पाणी अजिबात नको.

पहिल्यांदा चालू करताना

त्या दिवशी ठेकेदार हजर असला पाहिजे. क्रम असा ठेवा:

१. सर्किट बंद असताना हीटर हाताने हलवून पाहा. पॅकिंग, प्लॅस्टिक, आतला पुठ्ठा निघाल्याची खात्री करा. अंतरं टेपने मोजा.
२. अर्थ वायरची हीटरच्या बॉडीपर्यंतची सलगता आणि मेगरची मापं घेऊन लिहा.
३. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून ती पडते का ते पाहा.
४. दगड भरा. बिनदगडाचा हीटर चालवायचा नाही.
५. झरोके उघडे ठेवून, खोलीत कोणीही न बसता, पाणी न टाकता तासभर चालवा. एलिमेंटवरच्या तेलाचा आणि दगडांचा वास येतो, थोडा धूरही दिसतो.
६. क्लॅम्प मीटरने प्रत्येक फेजचा प्रवाह मोजा. ६ किलोवॉटच्या थ्री-फेजला तिन्हींवर साधारण ८.७ दिसायला हवेत. एक फेज शून्य असेल तर एक एलिमेंट किंवा एक जोड मेला आहे.
७. अर्ध्या तासाने, आणि शेवटी पुन्हा, डीबीतल्या एमसीबीचा आणि जंक्शन बॉक्सचा ताप तपासा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल किंवा तापलेल्या प्लॅस्टिकचा वास येत असेल तर लगेच बंद करून तो जोड उघडायचा.

घरगुती कंट्रोलला टायमर असतोच. तो काढून साध्या स्विचवर हीटर चालवणं म्हणजे आगीला वाट करून देणं. मोबाइलवरून चालू होणारं मॉडेल असेल तर दाराचा सेन्सर किंवा तत्सम सुरक्षा जोडल्याशिवाय ती सोय सुरू करू नका, कारण मधल्या वेळात हीटरवर कुणी काय टाकलं हे बाहेरून दिसत नाही. पावसाळ्यात ओले कपडे वाळवायला गरम खोली समोर दिसते, आणि हीटरवर पडलेला एक टॉवेल पेटायला वेळ लागत नाही. सॉनात कपडे टाकायची दोरी, हँगर, खुंटी हीटरच्या बाजूला बसवूच नका, आणि घरात कामाला येणाऱ्यांनाही हे समजावून सांगा.

वापर झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं हीटर तसाच चालू ठेवून वरचा झरोका उघडा, मग बंद करा. पावसाळ्यात सॉना वापरात नसेल तरी पंधरवड्यातून एकदा तो तापवून घ्या. एलिमेंटमधली ओल तेवढ्याने आटोक्यात राहते आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्याच दिवशी आरसीसीबी पडत नाही.